जानवं कापलं, आणि फाइलमध्ये लिहिलं पेशंट कम्फर्टेबल

प्रश्न: ताई नमस्कार, मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहते, नर्सिंग कॉलेजमध्ये ट्यूटर आहे. पेशंटची काळजी कशी घ्यायची ते मुली लिहितात त्या केअर प्लॅनमध्ये शेवटी आध्यात्मिक गरजा असा रकाना असतो, तिथे सगळ्या मुली पेशंटचा धर्म लिहून मोकळ्या होतात, हिंदू, मुस्लिम, जैन, झालं. लेक्चर घेऊन पाहिलं. रोल प्ले केला तर हसायलाच लागल्या. आमच्या एक सीनियर मॅडम म्हणतात हे पुजाऱ्याचं काम, आपलं नाही. हे खरंच शिकवता येतं का?

उत्तर: शिकवता येतं हो, पण वर्गात नाही, कॉटजवळ. आधी माझीच एक चूक सांगते, कारण मी त्या चुकीतूनच शिकले.

तेव्हा मी मुलींना घेऊन वॉर्डात जायचे, हॉस्पिटलचं नाव राहू दे. दतियाकडचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भर्ती होते. सकाळची ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरला न्यायची तयारी चाललेली, सगळी घाई, आणि माझ्या सेकंड इयरच्या मुलीनं त्यांचं जानवं कात्रीनं कापलं आणि ट्रेमध्ये टाकलं. मी शेजारीच उभी होते, मीही काही म्हणाले नाही. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी लिक्विड द्यायला सांगितलं तर आजोबा तोंड उघडेनात, बोलेनात, भिंतीकडे तोंड करून पडलेले. बीपी ठीक, नाडी ठीक, टाके ठीक, आणि फाइलमध्ये आम्ही काय लिहिलं, तर पेशंट कम्फर्टेबल. संध्याकाळी मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, सिस्टर, जनेऊ के बिना बाबूजी न बोलते हैं न खाते हैं. मग तोच धावत अचलेश्वर मंदिराकडे जाऊन जानवं घेऊन आला, आजोबा कॉटवर उठून बसले, सलाइनचा हात सांभाळत पुटपुटत ते गळ्यात घातलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते, चाय मिलेगी क्या.

कापायची गरजच नव्हती. विचारलं असतं तर वर सरकवून गॉजमध्ये गुंडाळून टेपनं चिकटवता आलं असतं, नाहीतर त्यांनी आपल्या हातानं काढून मुलाकडे दिलं असतं. मंगळसूत्राचंही तसंच, ऑपरेशनमध्ये विजेवर चालणाऱ्या कॉटरीमुळे भाजायची भीती असते म्हणून धातू काढावाच लागतो, पण कारण नीट सांगितलं, नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातून काढून घेतलं, ओटीच्या सिस्टरना विचारून दोऱ्यात हळकुंड बांधू दिलं, तर बाई रडत आत जात नाही.

तर मुलींना पहिलं काम द्या ते नुसतं बघायचं, कालपासून ह्या माणसात काय बदललं. रात्री 3 वाजता बेल वाजवून पाणी मागतो आणि भरलेला ग्लास हाताशीच असतो, तेव्हा त्याला पाणी नको असतं. मैंने किसका क्या बिगाड़ा था असं पुन्हापुन्हा म्हणतो. लाडक्या नातवालाही येऊ नको म्हणतो. आणि धर्माचा रकाना भरून हे कळत नाही, कारण देव न मानणाऱ्यालाही हे दुखणं असतंच. मोरेन्याकडचा एक शेतकरी होता, देवाचं नाव काढलं की चिडायचा, त्याला एकच घोर, सख्ख्या भावाशी बारा वर्षं अबोला आणि आता हातात दिवस थोडे. ही त्याची आध्यात्मिक गरज. त्याला विचारून भावाला फोन लावून देणं ही त्याची केअर. ह्यात पूजापाठ कुठे आला?

लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर, आणि त्या ह्याला टोटल पेन म्हणायच्या, म्हणजे शरीराचं, मनाचं, घरच्या परिस्थितीचं आणि आत्म्याचं दुखणं एकात एक मिसळलेलं. मॉर्फीन देऊनही दुखणं हटत नसेल तर डोस बघायचाच, पण बाकीची तीन दुखणीसुद्धा बघायची. हे आध्यात्मिक दुखणं नांडाच्या, म्हणजे नर्सिंग डायग्नोसिस ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत रीतसर आहे, हे त्या सीनियर मॅडमना जरूर सांगा. पुजारी बोलावल्यावर येतो, रात्रीच्या बेलला सिस्टरच जाते.

विचारायचं कसं, तर अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी 1996 मध्ये फिका नावाची 4 भागांची पद्धत आणली, श्रद्धा कशावर आहे, तिचं महत्त्व किती, सोबतची मंडळी कोण, आणि आम्ही काय करावं. इंग्रजी फॉर्म घेऊन पेशंटसमोर बसलं तर तो आधार कार्ड काढून देईल, म्हणून मी मुलींकडून वॉर्डातल्या बोलीत पाठ करून घ्यायचे. मुश्किल में हिम्मत कहाँ से मिलती है बाबा? घर में मन की बात किससे करते हो? यहाँ हमसे ऐसा कुछ चाहिए जो हमने पूछा नहीं? बस. आणि एका दमात नाही, स्पंज देताना एक, संध्याकाळच्या गोळीला एक.

रोल प्ले सोडा. त्याऐवजी प्रत्येकीला आठवड्यातून एका पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून आणायला सांगा, तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, कुठे गप्प बसले. मग ड्यूटी संपल्यावर पाच-सहा जणी बसून वाचा, नाव-गाव काढून. पहिल्याच वहीत दिसेल, पेशंट म्हणतो अब नहीं बचूँगा, आणि मुलगी लगेच म्हणते ऐसा नहीं बोलते, सब ठीक हो जाएगा. तिथे थांबा. तिला विचारा, तुला भीती वाटली का गं? बहुतेक वेळा वाटलेली असते, मुलगी 19 वर्षांची, तिनं घरातला मृत्यूही पाहिलेला नसतो. तिचं आधी कुणीतरी ऐकून घेतल्याशिवाय ती दुसऱ्याचं कुठून ऐकणार, आणि हे आपण ट्यूटर लोकच विसरतो.

आणि जे कळलं ते ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये आलं पाहिजे, ह्यावर मात्र अडून बसा. बेड 7, चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही नाही, रात्रीच्या गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारायचं आहे. एवढी एक ओळ. नाहीतर सकाळच्या मुलीनं मन लावून ऐकलेलं रात्रीच्या सिस्टरला माहीतच नसतं आणि ती गोळी न घेणाऱ्या पेशंटवर ओरडते. पण मनातलं खाजगी, घरातली भांडणं, ते फाइलमध्ये लिहायचं नाही, कामापुरतंच. आणि कुणी जगायचंच नाही, जीव देतो अशा भाषेत बोललं तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगायचं, पेशंटला एकटं सोडायचं नाही, हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

प्रश्न: मॅडम, मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला आहे, इथेच ग्वाल्हेरला थाटीपूरमध्ये राहते. वॉर्डातल्या एक मुस्लिम आजी हात धरून म्हणाल्या, बेटी मेरे लिए दुआ करना. मला काही सुचेना, मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघूनच आले. काय म्हणायला हवं होतं?

उत्तर: अगं, जी अम्मा, करूँगी, एवढंच. आणि मग खरंच कर, तुझ्या देवाला, तुझ्या शब्दांत. आपल्या ग्वाल्हेरात तानसेन समारोहाची सुरुवात तानसेनच्या समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मुसलमानांच्या मीलादनं होते, दोन्ही एकाच ठिकाणी, त्यामुळे तू काही वेगळं करत नाहीयेस. फक्त एक लक्षात ठेव, प्रार्थना करूया का असं आपण होऊन म्हणायचं नाही, आपला देव, आपला बाबा, आपलं पुस्तक पेशंटला द्यायचं नाही. तो आपल्यावर अवलंबून असतो, नको म्हणायची त्याला सोय नसते. रमजानमध्ये आजींनी रोजा धरायचा म्हटलं आणि इन्सुलिन चालू असेल तर मनानं हो किंवा नाही काही सांगू नकोस, डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर बोलणं होऊ दे. उद्या ड्यूटीवर गेलीस की आधी त्यांच्याकडे जा, त्या वाट बघत असतील.

प्रश्न: वडील आयसीयूत होते, शेवटी गंगाजल घालायचं होतं पण सिस्टर नाही म्हणाल्या. त्याचं फार लागलंय मनाला. त्यांचं बरोबर होतं का?

उत्तर: दादा, तुमचं दुःख समजतं. गिळता येत नसेल तर चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं, तुळशीचं पान घशात अडकू शकतं, म्हणून त्यांनी तोंडात घालू दिलं नाही ते बरोबर. पण नाही म्हणून तिथेच थांबायला नको होतं. नर्स रोज ओल्या बोळ्यानं पेशंटचं तोंड पुसतेच, डॉक्टरांना विचारून तोच बोळा गंगाजलात बुडवून नीट पिळला आणि ओठांवरून फिरवला, कपाळाला तुळशीपत्र लावलं, तर बहुतेक वेळा हरकत नसते, व्हेंटिलेटर असला तरी. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते सिस्टरनी करायचं नसतं, बोळा तुमच्या हातात द्यायचा असतो.