उदयपूरजवळचं चांदीच्या खाणींचं झावर बघण्यासारखं आहे का?

सोलापूरहून सहकुटुंब उदयपूरला निघालाय आणि झावरसाठी एक दिवस काढावा का, असं विचारलंय तुम्ही. जरूर काढा. फक्त चांदी बघायला म्हणून जाऊ नका, हिरमोड होईल.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस, राणा लाखाच्या काळात, इथल्या चांदी-शिशाच्या खाणींनी मेवाडचा खजिना भरला. खाणकाम त्याहून कितीतरी जुनं, दोन हजार वर्षांपलीकडचं. पण चांदी गेली नाण्यांत आणि दागिन्यांत. गावात दिसतो तो जस्ताचा पसारा, आणि माझ्या मते खरी करामत तीच.

जस्त काढणं महाकर्मकठीण. खनिजातून ते सुटायला भट्टी हजार अंशांच्या वर न्यावी लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. वाफ हवेत गेली की नुसता पांढरा धूर, हाती काही नाही. झावरच्या कारागिरांनी भांडंच उलटं केलं. वांग्याच्या आकाराची मातीची मूस घ्यायची, खनिज भरायचं, तोंडात काडी खोचायची, पुढे मातीची नळी लिंपायची आणि तोंड खाली करून अशा ३६ मुशी एका भट्टीत लावायच्या. काडी जळाली की वाफेला वाट मोकळी. वाफ खालच्या थंड भागात उतरून तिथं जस्त जमायचं. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये. झावर त्याच्या कित्येक पिढ्या पुढे.

वापरलेली मूस टाकूनच द्यायची, त्यामुळे मुशींचे डोंगर साचले. लोकांनी त्याच रचून घरांच्या भिंती उभारल्या! अशा भिंतीला अगदी चिकटून बघा: ओळीनं गोल बुडं, आचेनं काचेसारखी झालेली. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर काय काय भंगारात गेलं ते आठवतं आणि या भिंतींचं जास्तच कौतुक वाटतं. भट्ट्या मात्र मातीखालीच होत्या, त्या १९८३ च्या उत्खननात उजेडात आल्या.

जावर मातेचं (जावर म्हणजे झावरच) देऊळ आणि राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिनं बांधलेलं मंदिर-कुंडही बघून घ्या. आजच्या चालू खाणी कंपनीच्या आहेत, तिथं परवानगीशिवाय जायच्या भानगडीत पडू नका. आणि मुलं एखादी मूस पिशवीत टाकतील, तेवढं लक्ष ठेवा.