गुरुजी, लेक वकील होऊ द्या, पण आधी तिला कोर्टाच्या बाकावर बसवा

माजलगाव तालुक्यातल्या एका झेडपी शाळेतल्या गुरुजींचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. मुलगी बारावी आर्ट्सला, मराठी मीडियम, दहावीला ८८ टक्के. दिवाळीआधी तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं, हिनं कुणाला न विचारता १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला, ग्रामसेवक आणि पोलीस आले, लग्न थांबलं. आणि तेव्हापासून पोरगी म्हणतीये मला लॉ करायचंय, बायकांवर रूढीच्या नावाखाली जे चालतं त्याच्याच केसेस लढायच्यात. गुरुजींचे प्रश्न तीन. यात पोट भरतं का? गावाशी वैर घेऊन पोरगी राहणार कुठं? आणि शेवटी हळूच, "मॅडम, हे करिअर आहे की समाजसेवा?"

गुरुजी, उत्तर शेवटच्या प्रश्नापासून देते. करिअर आहे. पण तुमच्या लेकीच्या डोक्यात आत्ता जे चित्र आहे ना, काळा कोट, हायकोर्ट, दणदणीत भाषण, ते करिअर नाहीये. खरं काम तालुक्याच्या कोर्टात, कागदात आणि लग्न थांबल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढं असतंय, आणि ते तिला पेलेल का हे बघायला अजून वेळ आहे.

कागदाचं म्हणाल तर तुमच्यापासूनच सुरू होतं बघा. बालविवाहाची केस उभी राहते ती वयाच्या पुराव्यावर, आणि वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट बघतो, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर मग मेडिकल टेस्ट. म्हणजे तुमच्या कपाटातलं ते प्रवेश निर्गम रजिस्टर! आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला का येतो हे तुम्हाला मी सांगायला नको :) पण त्याच सवयीनं अंदाजानं लिहिलेल्या एका तारखेमुळं पोरगी कागदावर १८ ची होते आणि वकिलाचे हात बांधले जातात. लेकीला एक दिवस ते रजिस्टर दाखवा, नोंद कशी होते, दुरुस्ती कशी होते. लॉ कॉलेजात हे कुणी शिकवणार नाही.

आता कायदा. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, लग्न लावणारे, ठरवणारे, मुलगा सज्ञान असेल तर तो, यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऐकायला कडक. आणि तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं, परभणीत ४८ टक्के, तुमच्या बीडमध्ये ४३ च्या वर. का, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघताय. ऊसतोडीला कारखान्याला निघायच्या आधी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, वयात आलेली पोर एकटी घरी ठेवायची कुणाच्या भरवशावर, तिकडं फडावरच्या झोपडीत, कोपीत न्यायची तर तिथंही भीती, आणि लग्न लावून दिलं की एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी तयार होते आणि जोडीला उचल मिळते. ही रूढी आहे म्हणून नुसती नावं ठेवून भागत नाही, तिच्यामागं हिशोब आहे, आणि जो वकील हा हिशोब समजून घेत नाही तो फक्त आईबापाला आरोपी करून मोकळा होतो.

बरं, लग्न थांबतं म्हणजे काय होतं? आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढं नेतात, फोटो निघतात, पेपरात बातमी येते. आणि महिन्याभरानं मामाच्या गावाला रात्रीत चार माणसांत उरकतात. हे टाळायचं तर मॅजिस्ट्रेटकडून मनाईहुकूम घ्यावा लागतो, तो असताना लग्न लावलं तर ते लग्नच रद्दबातल. तो अर्ज टाकणारं माणूस तालुक्यात असायला पाहिजे ना? तिथं तुमची लेक लागते.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. एरवी झालेला बालविवाह आपोआप रद्द नसतो, ज्याचं लग्न लहानपणी झालं त्यानं अर्ज केला तर कोर्ट तो रद्द करतं, आणि मुलीला हा अर्ज वयाची २० वर्षं पूर्ण होईपर्यंत करता येतो. एकदा माझ्याकडं १९ वर्षांची एक मुलगी कॉलेजच्या ॲडमिशनचं विचारायला आली होती, १५ व्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला गेली नव्हती, तिला वाटत होतं आता घटस्फोटच घ्यावा लागणार. तिच्या हातात अजून आठ महिने होते. हे तिला कुणी वकिलानं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं, आणि मी वकील नाही हो!

आणि गुंता असा की कधीकधी कायदाच मुलीला घाबरवतो. १८ च्या आतली मुलगी गरोदर असली तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की १५ ते १८ मधल्या बायकोशी संबंध हाही बलात्कार, आता नव्या न्याय संहितेतही तेच आहे. बरोबरच आहे. पण मग घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. यावर लेकीचं काय म्हणणं आहे विचारा. पटकन उत्तर आलं तर काळजी करा, विचारात पडली तर पोरगी वकिलीच्या कामाची आहे.

सगळंच बालविवाहापुरतं नाहीये. २०१८ च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या शिकलेल्या पोरापोरींनीच नवरीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली, आणि त्यांच्यावर बहिष्काराची वेळ आली तेव्हा हाताशी राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा होता. देवदासी प्रथेचा कायदा १९३४ पासून आहे, २००५ ला नवा केला. आणि २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तो बघून सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. ना कोर्ट, ना केस, गावच्या बैठकीतला एक ठराव. असा ठराव लिहून देणं हेही वकिलाचंच काम.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "आपल्याकडच्या पोरींनी कोर्टाची पायरी चढू नये." गुरुजी, रखमाबाईंना पायरी चढायला लावली होती. ११ व्या वर्षी लग्न, नांदायला नकार, १८८४ ला नवऱ्यानं दावा लावला. पहिला निकाल बाजूनं, मग १८८७ ला उलटा, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. १८८८ ला २००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. म्हणजे त्या केस जिंकल्या नाहीत बघा, पण तिच्यावरून एवढी चर्चा झाली की १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यामागं तिचाही हात आहे. आणि त्या पुढं डॉक्टर झाल्या, वकील नाही, तसंही तेव्हा बाईला वकिली करायची परवानगीच नव्हती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ ला ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या तरी १९२० च्या दशकापर्यंत त्यांना वकील म्हणून रीतसर उभं राहता येत नव्हतं. असो, मी विषयांतर करतीये.

पैशाचं बोलू. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ, त्यासाठी एमएच सीईटी, निगेटिव्ह मार्किंग नाही, इंग्रजीची तयारी आत्तापासून. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीसाठी क्लॅट वेगळी, ती इंग्रजीत आणि फी पण तगडी. माझं मत विचाराल तर या कामासाठी चांगलं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज बस आहे. मुलींच्या फी माफीची सरकारी योजना आहे, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, पण कुठल्या प्रवर्गाला आणि कुठल्या कॉलेजात लागू ते ॲडमिशनच्या आधी लेखी विचारून घ्या. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढायला आता जास्त पैसे लागत नाहीत, २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ओपनला ७५० रुपयांच्या वर घेता येत नाहीत.

खरी ओढाताण सनद मिळाल्यावर. पहिली चार-पाच वर्षं सीनियरच्या हाताखाली. बार कौन्सिलनं २०२४ ला सांगितलंय की ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना १५ हजार तरी द्या, पण ती शिफारस आहे, तालुक्यात पेट्रोलपुरते मिळाले तरी नशीब म्हणायचं. तेव्हा पाच अधिक पाच अशी दहा वर्षांची तयारी घरानं ठेवायची. नाही झेपणार तर आत्ताच तसं बोला, मधेच "आता लग्न कर" म्हणून अडवू नका, ते फार वाईट.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, अशीच तळमळीची, डिग्री झाली की थेट एका संस्थेत गेली. तीन वर्षं शिबिरं, रॅली, पोस्टर. मग एका मुलीचा अर्ज ड्राफ्ट करायची वेळ आली आणि हिला साधं वकीलपत्र कुठं लावायचं माहीत नाही. रडत आली माझ्याकडं. आणि तिला तिथं जा म्हणून मीच सांगितलं होतं, चूक माझी. नंतर ती जमिनीच्या केसेस चालवणाऱ्या एका सीनियरकडं तीन वर्षं घासली, आज वाटणीपत्रांवर तिचं घर चालतं आणि बायकांच्या केसेस ती ताठ मानेनं लढते. तुमच्या लेकीला हाच रस्ता सांगेन. पोटाला दिवाणी, मनाला ही.

नोकरीही आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅनल वकील, बायकांना तिथं उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो म्हणून काम भरपूर असतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी. न्यायाधीश व्हायचं तर आता आधी ३ वर्षं प्रॅक्टिस लागते, २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तसं ठरवलंय.

आणि वैर? होणार, खोटं कशाला सांगू. पण गावातल्या पोरीनं फोन करणं आणि वकिलानं सहीशिक्क्याचा अर्ज देणं यात फरक आहे, वकील हा त्याचा धंदा करतोय हे गावाला कळतं, पचतं. आत्ता मात्र ती वकील नाही, सतरा वर्षांची पोरगी आहे. पुन्हा असं काही झालं तर फोन तुम्ही करा, तिचं नाव पुढं येऊ देऊ नका. प्रॅक्टिस तिनं बीडला किंवा संभाजीनगरला करावी, माजलगावला लगेच नको.

बारावीचे पेपर संपले की तिला आठ दिवस कोर्टात घेऊन जा, मागच्या बाकावर बसू दे. पहिले दोन दिवस नुसत्या तारखाच पडतील, कंटाळेल. नवव्या दिवशी स्वतःहून जाते म्हणाली तर फॉर्म भरा.

आणि हो, ज्या मैत्रिणीचं लग्न थांबलं ती आता शाळेत येतीये का, की आईबापाबरोबर कारखान्याला गेली? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत. लेकीला विचारा, आणि तिलाही माहीत नसेल तर दोघं मिळून त्यांच्या घरी जाऊन या.