दालचिनीचे तेल काढण्यापूर्वी

ऊर्ध्वपातनाला, म्हणजे वाफेने तेल काढायला, सुरुवात करताना साल, पाने आणि मुळे एकाच भांड्यात कधीही घालू नका. झाड एक असले, तरी त्यांतली तेले एक नसतात. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हे रसायन प्रमुख असते आणि दालचिनीचा ओळखीचा गोडसर तिखट वास त्याचाच असतो. पानांच्या तेलात मात्र लवंगेतले युजेनॉलच अधिक, म्हणून कोकणातल्या झाडाचे हिरवे पान चुरगळले की दालचिनीऐवजी लवंगेची आठवण होते. मुळाच्या सालीत कापूर मुख्य असतो. पण त्यासाठी झाड उपटावे, असे मला कधीच वाटले नाही.

साल आणि पाने यांची तेले पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी बसतात, हे नवशिक्यांना ठाऊक नसते. मी स्वतः पहिल्या खेपेस वर तेल दिसेना म्हणून गढूळ पाणी ओतून दिले आणि त्याबरोबर सगळे तेलही गेले. जड तेलासाठी असलेलाच संग्राहक (तेल आणि पाणी गोळा होते ते भांडे) वापरा, आणि सालीचे तेल त्वचेवर लावून पाहू नका, कारण सिनॅमाल्डिहाइडने कातडीची आग होते. बाजारातला तमालपत्र हा याच कुळातला, पण वेगळ्या झाडाचा असतो. त्याला दालचिनीचे पान समजू नका.