गेटवर चेहरा द्यावा का?

प्रश्न : म्हापशात आमच्या सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसवलंय, फोटो द्या नाहीतर रोज वहीत सही करा म्हणतात. काय करू?

उत्तर : वहीचा पर्याय ठेवलाय ना, मग घाई कसली! हे मशीन नुसता फोटो ठेवत नाही, डोळे-नाक-जबडा यावरून चेहऱ्याचा आकड्यांचा साचा बनवतं आणि दरवेळी तोच जुळवून बघतं. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो, थोबाड कुठून बदलणार? विमानतळांवर डिजीयात्रा (चेहरा ओळखून आत सोडायची सोय) आहे, तीसुद्धा ऐच्छिकच. सेक्रेटरीला लेखी विचारा, साचा मशीनमध्ये राहतो की कंपनीच्या सर्व्हरवर, बघू कोण शकतं, भाडेकरू घर सोडून गेला की पुसणार कोण, आणि चवथीला घरभर पाहुणे येतात त्यांचं काय. 'व्हेंडरला माहीत' असं उत्तर आलं (बहुतेक तेच येईल) तर सरळ नको म्हणा. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय, २०२३ च्या डेटा कायद्यातही संमती मागे घ्यायची तरतूद आहे. आणि हो, कामाला येणाऱ्या बायांचे फोटो त्यांना न विचारताच घेतलेत का, तेही त्याच पत्रात विचारून टाका.