मरीन टँक : अल्कलिनिटी १२.५, कॅल्शियम ३६०, पीएच ७.८. तिन्ही एकदम जागेवर कशी आणू?

तुमचे आकडे पुन्हा मांडतो, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. समुद्री पाण्याचा १५० लिटरचा टँक, थोडी कोरल (प्रवाळ), अल्कलिनिटी (म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) १२.५ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ३६० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), पीएच ७.८. रोज पीएच बफर (पीएच चढवायची पावडर) टाकता, तासाभरात ८.२ दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जैसे थे. हीटरवर पांढरा, खरखरीत थर.

तो बफर आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

त्या डब्यात बहुतेक वेळा सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच असतं. त्याने पीएच वर जातो तो काही तासांपुरता, पण अल्कलिनिटी वाढते ती वाढूनच राहते. तुमची साडेबारावर गेली ती अशीच. एवढ्या अल्कलिनिटीच्या पाण्याला पुरेशी मोकळी हवा मिळाली तर पीएच ८.३ च्या आसपास असायला हवा. तो ७.८ आहे, म्हणजे पाण्यात कार्बन डायऑक्साइड तिप्पट तरी आहे. (अल्कलिनिटी तेवढीच असताना पीएच ०.३ ने उतरला, तर कार्बन डायऑक्साइड साधारण दुप्पट झालेला असतो.) हा हवेचा प्रश्न आहे, तो पावडरीने सुटणार नाही.

खात्री करून घ्या. टँकमधलं पेलाभर पाणी काढून पीएच मोजा. पेला घराबाहेर, उघड्यावर ठेवून त्यात एअर पंपची नळी सोडा आणि तासाभराने पुन्हा मोजा. दुसरा पेला घ्या आणि हेच घरात, टँकशेजारी करा. दोन्हीकडे पीएच चढला तर टँकमध्ये हवा नीट मिसळत नाही. पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग चांगला खळबळू द्या. फक्त बाहेरच चढला तर खोलीच कोंदट आहे. खिडकी उघडा, किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी लांबवून बाहेर काढा. आणि मोजमाप रोज ठरलेल्या वेळीच घ्या. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, त्यामुळे पहाटे पीएच सर्वांत खाली आणि दिवे मालवायच्या सुमारास सर्वांत वर असतो. पहाटे ७.९ आणि संध्याकाळी ८.२ असेल तर मी त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आता कॅल्शियम. कोरल कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतं तेव्हा अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दोन्ही ठरावीक प्रमाणात खर्च होतात : अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरली की कॅल्शियम २० पीपीएम उतरतं. हिशेब करून बघा. अल्कलिनिटी ८ वरून पार शून्यावर आली, तरी कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ३६३ ला पोचेल. रोजचा खर्च कॅल्शियमच्या किटवर दिसतच नाही, तो किटच्या चुकीतच बुडून जातो. म्हणून रोज मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्यातून एकदा पुरे. हीटरवरचा थर म्हणजे हेच कॅल्शियम कार्बोनेट, फक्त कोरलऐवजी गरम धातूवर किंवा काचेवर बसलेलं. बफर पडतो तिथे पीएच क्षणभर खूप चढतो, अल्कलिनिटी आधीच जास्त, आणि मग कॅल्शियम असं वाया जातं.

पण कॅल्शियम घालायच्या आधी पाण्याचा खारटपणा (सॅलिनिटी) तपासा. तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) खाली असेल तर सगळेच आकडे कमी दिसतात आणि आपण उगाच एकेकाच्या मागे लागतो. मग मॅग्नेशियम बघा. ते १२५० ते १३५० पीपीएममध्ये हवं. कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकावर मॅग्नेशियम जाऊन बसतं आणि त्याची वाढ अडवतं. ते कमी असेल तर तुम्ही घातलेलं कॅल्शियम पुन्हा हीटरवरच जाऊन बसेल.

अल्कलिनिटी आपोआप ९ च्या आसपास उतरू द्या. घाई असेल तर कमी अल्कलिनिटीचं मीठ वापरून पाणी बदला, पण दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त उतरवू नका. कोरलला आकड्यापेक्षा झटका जास्त बाधतो. नंतर कॅल्शियम ४२० पर्यंत न्या : तुमच्या टँकला एकूण साधारण ३३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागेल. तीन दिवसांत विभागून, दर वेळी आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाह जोरात असेल तिथे हळूहळू ओता. विरघळताना पाणी गरम होतं, दचकू नका.

तिथून पुढे अल्कलिनिटी दिवसाला किती उतरते ते आठवडाभर मोजा आणि तेवढीच भरा. १५० लिटरला १ डीकेएच चढवायला साडेचार ग्रॅम खायचा सोडा लागतो, आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम साधारण ७ पीपीएम. दोन्ही द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी ओतू नका, पाणी दुधाळ होईल. तुमचा पीएच मुळात खाली असल्याने मी तुमच्या जागी चुन्याची निवळी निवडली असती. ती दोन्ही योग्य प्रमाणात देते आणि वर कार्बन डायऑक्साइडही खाते. मात्र निवळीचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी, थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडा. तळाचा गाळ टँकमध्ये जाऊ देऊ नका.