वाचक विचारतात : परसातल्या कोंबड्या

प्रश्न : घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळायच्या आहेत. किती घ्याव्यात? पिल्ले घ्यावीत की मोठ्या? कोंबडा लागतो का?

उत्तर : चार ते सहा पुरेत. एकटीदुकटी ठेवू नका, कोंबडी थव्यात राहणारी आहे. पहिलीच वेळ असेल तर १४ ते १६ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या घ्या. महिना-दोन महिन्यांत त्या अंड्यावर येतात आणि पिल्लांना बल्बखाली ऊब देण्याची जागरणे वाचतात. पिल्ले नर-मादी न निवडता आणलीत तर साधारण निम्मे कोंबडे निघतात, हे धरूनच आकडा ठरवा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

प्रश्न : एक दिवसाची दहा पिल्ले आणली. खोक्याला ९ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर लावला, तळाला वर्तमानपत्र घातले. चौथ्या दिवशी तीन पिल्ले कोपऱ्यात दबून मेलेली सापडली. दोघांचे पाय फाकलेत. काय चुकले?

उत्तर : एलईडीने उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. पिल्ले गारठली की एकमेकांखाली शिरतात आणि चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात खालची गुदमरतात. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा ब्रूडरचा (पिल्लांना ऊब देणारा) दिवा वापरा आणि पुठ्ठा वाकवून कोपरे गोल करून घ्या. दिवा वायरवर लटकवू नका, साखळीने पक्का बांधा. खाली कोरडे तूस असते, पडला तर आग लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवे, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी. थर्मामीटर असू द्या, पण भरवसा पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी, पंख सैल, तर उकडतेय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी झोत येतोय. सगळीकडे पांगून निवांत पडली असतील तर दिव्याची उंची बरोबर आहे.

पाय फाकले ते गुळगुळीत कागदामुळे. तळाला ५ ते ७ सेंटिमीटर तूस घाला आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर खरबरीत कापड अंथरा, म्हणजे पिल्ले तूस खात बसणार नाहीत. पाण्याचे भांडे उथळ हवे, त्यात खडे टाका, नाहीतर पिल्ले बुडतात.

प्रश्न : सहा कोंबड्यांना खुराडे केवढे लागेल?

उत्तर : आत प्रत्येकी ४ चौरस फूट, बाहेरच्या जाळीबंद जागेत १०. बसायला ४-५ सेंटिमीटर रुंद, कडा घासलेली दांडी. दर कोंबडीमागे २५ सेंटिमीटर. दांडी अंड्याच्या खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. खोके ३० सेंटिमीटरचे, दोन पुरतात. षटकोनी भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस किंवा कुत्रा बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डची जाळी घ्या आणि ३० सेंटिमीटर जमिनीत पुरा.

झरोके छपरालगत, दांडीच्या वर ठेवा. मोठी कोंबडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. सकाळी खुराड्यात डोके घालून पाहा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे. मूठभर तूस दाबून सोडा : लगेच सुटले तर ठीक, गोळा राहिला तर बदला.

प्रश्न : पाच आठवड्यांची पिल्ले पिसे फुलवून बसतात, विष्ठेत रक्त दिसते. पाण्यातून ब-जीवनसत्त्वाचे टॉनिक चालू केले आहे.

उत्तर : ही बहुधा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आजच पशुवैद्याला विष्ठा दाखवा. सहसा अँप्रोलियम पाण्यातून देतात, कारण आजारी पिल्लू खाणे सोडते तरी पाणी पीत राहते. हे औषध ब-१ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, म्हणून उपचार चालू असताना तुमचे टॉनिक बंद ठेवा. दोन्ही दिले तर औषधाचा जोर जातो. विष्ठेतल्या जंतूंना रुजायला ओल लागते, तेव्हा पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस रोज काढा आणि भांडे पाठीच्या उंचीवर विटेवर ठेवा.

प्रश्न : अंड्याचे कवच पातळ येते. लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य) लहानपणापासून द्यावे का?

उत्तर : मुळीच नको. त्यातले कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असते, वाढत्या पिल्लाचे मूत्रपिंड त्याने बिघडते. ते अंड्यावर आल्यावरच, दिवसाला ११० ते १२० ग्रॅम. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाईल. उरलेसुरले अन्न जास्त घातले की खाद्य कमी खाल्ले जाते आणि कवच पातळ होते. बहुतेक घरांत गडबड इथेच असते.

प्रश्न : एक कोंबडी रिकाम्या खोक्यात खुडूक (अंडी उबवायच्या ओढीने) बसली आहे, उठतच नाही.

उत्तर : तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उचलून, तीन-चार दिवस ठेवा. आत तूस नको; दाणापाणी भरपूर. खालून वारा लागून पोट गार पडले की खूड मोडते. सोडल्यावर पुन्हा खोक्यात जाऊन बसली तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात.