हातात घेतलं की बंद पडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मनगटी घड्याळ वर्षभरही धड चालत नाही, लॅपटॉप काम करता करता मध्येच झोपी जातो, टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, रस्त्यावरचा दिवा तुम्ही खाली पोचताच विझतो. घरचे म्हणतात, "हिच्या हाती काही देऊ नका." आणि तुम्ही विचारताय, काही माणसांच्या अंगात वेगळीच वीज असते का?

उपकरणं दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. अशी तक्रार घेऊन येणारं माणूस वर्षाकाठी एखादं तरी भेटतंच, आणि ते खोटं बोलत नसतं. घोळ होतो तो चार वेगळ्या बिघाडांची एकच मोळी बांधण्यात. ती आधी सोडू या.

अंगातल्या विजेचं पटकन सांगून टाकतो. ती सगळ्यांच्याच अंगात असते. हृदयाच्या ठोक्याची वीज त्वचेवर मोजली तर साधारण एक मिलिव्होल्ट भरते. तेवढीशी वीज वाचायलाही ईसीजीच्या यंत्राला ती कितीतरी पटींनी वाढवून घ्यावी लागते. तिच्या जोरावर कुणी दिवा विझवणं शक्य नाही.

अंगावर साठणारी वीज मात्र वेगळी. तिथे माणसामाणसांत खरंच फरक पडतो. कोरड्या हवेत गालिच्यावरून नुसतं चाललं तरी अंगावर काही हजार व्होल्ट जमतात. अगदी रखरखीत हवेत हा आकडा 35,000 पर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. तीच चाल दमट हवेत चाला, दीड हजाराच्या आसपास. आकडे ऐकून घाबरू नका, साठा फार थोडा असतो, म्हणून नुसता चटका बसतो आणि विषय संपतो. पण गंमत अशी की आपल्याला चटका कळायलाच साधारण 3,000 व्होल्ट लागतात आणि काही चिप शंभराच्या आतच मरतात. म्हणजे तुम्ही एखाद्या सर्किटला हात लावून त्याची वाट लावलीत, तरी तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्याहून वाईट म्हणजे चिप अर्धवट दुखावते आणि तीन आठवड्यांनी मान टाकते. आमच्या कामाच्या टेबलावर मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात तो याचसाठी. (नवीन मुलं तो पट्टा बांधायला लाजतात. दोन बोर्ड जाळले की आपणहून बांधतात.)

आता कोण जास्त वीज साठवतो? कोरड्या त्वचेचा, सिंथेटिक कपडे घालणारा, जाड रबरी तळव्याचे बूट वापरणारा, पाय घासत चालणारा. आमच्याकडे एक सहकारी होते, त्यांनी हात लावलेले बोर्ड हमखास परत यायचे. त्यांना 'पनवती' म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. बूट बदलले, पट्टा सक्तीचा केला, पनवती गेली. खुर्चीचाही विचार करा. काही गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्च्यांवरून कुणी उठलं की बारीक ठिणगी पडते, तिच्या लहरींनी शेजारचा मॉनिटर क्षणभर काळा होतो. उठणाऱ्याला वाटतं, मी उठलो म्हणून झालं. तसं पाहिलं तर खरंच त्याच्या उठण्यानेच झालेलं असतं!

टचस्क्रीनचं तर एका ओळीत: तो पडदा बोट टेकल्याने त्याच्यावरच्या विद्युतभारात होणारा बदल टिपतो, बोटांची टोकं राठ आणि कोरडी असली की त्याला ती दिसतच नाहीत. थोडं क्रीम लावून बघा.

लॅपटॉपवर मात्र जरा थांबतो. एका बाईंचं मशीन माझ्याकडे तीनदा आलं. दर वेळी आठवडाभर चालू ठेवलं, काही बिघाड नाही. शेवटी त्यांनाच म्हटलं, इथे बसून काम करा. दहा मिनिटांत पडदा काळा. त्यांचं डावं मनगट कीबोर्डच्या खालच्या बाजूला टेकलं होतं आणि मनगटात चुंबकी कडीचं ब्रेसलेट होतं. झाकण मिटलं हे कळावं म्हणून लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा हॉल सेन्सर. ब्रेसलेट त्या सेन्सरवर आलं की बिचाऱ्या लॅपटॉपला वाटायचं, झाकण मिटलं, आता झोपा. त्या जागी मी चाचणीला बसलो असतो तर महिनाभर काही सापडलं नसतं. माझ्या मनगटात नुसता दोरा असतो.

घड्याळालाही हेच लागू. काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ जोरदार चुंबकाजवळ थांबतं आणि लांब नेलं की पुन्हा चालू लागतं. चावीच्या घड्याळातली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भरमसाट पुढे पळतं. चुंबक नसेल तर घाम: झाकणाचं रबर जुनं झालं की घामाची वाफ आत शिरते आणि सेलचे संपर्क गंजतात. कुणाला घाम जास्त, कुणाचा जास्त खारट, म्हणून एकाच्या हातात घड्याळ दहा वर्षं टिकतं आणि दुसऱ्याच्या हातात एक. याची उलट बाजूही आहे. 1970 च्या दशकात दूरचित्रवाणीवर 'मनाच्या शक्तीने' बंद घड्याळं चालू करण्याचे खेळ गाजले. न्यूझीलंडमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन यांनी सरळ घड्याळजींना विचारलं. दुरुस्तीला आलेली निम्म्याहून अधिक बंद घड्याळं नुसती हातात धरून, हलवून चालू झाली. हाताच्या उबेने आतलं थिजलेलं तेल सैल होतं, एवढंच.

रस्त्यावरचा दिवा तर बहुतेक वेळा तुमच्याकडे बघतही नसतो. पिवळा सोडियम दिवा म्हातारा झाला की पेटत ठेवायला त्याला जास्त जास्त व्होल्टेज लागतं. चोकला ते पुरवता आलं नाही की तो विझतो, काही मिनिटं थंड होतो, पुन्हा पेटतो, तापतो, पुन्हा विझतो. रात्रभर हेच. रोज त्याच खांबाखालून जाणाऱ्याला कधीतरी तो नेमका विझताना सापडणारच. आणि नवे एलईडी दिवे काही ठिकाणी चाहूल ओळखणाऱ्या सेन्सरचे असतात, ते तर माणूस आलं-गेलं की मुद्दामच कमीजास्त होतात.

'हातगुण' मोठमोठ्यांनाही चिकटलाय. वोल्फगांग पाउली, 1945 चं नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत शिरले की उपकरणं मोडतात अशी त्यांची ख्याती होती. ऑटो स्टर्न यांनी आपल्या हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत त्यांना येऊच दिलं नाही. एकदा मित्रांनी थट्टेसाठी ते आत येताच झुंबर कोसळेल अशी दोरी बांधली; ऐन वेळी दोरीच अडकली आणि झुंबर जागेवरच राहिलं. पाउलींना स्वतःलाही आपल्या या गुणाबद्दल बरीच खात्री होती म्हणे. पण ते येऊन काहीच न मोडलेल्या दिवसांचे किस्से कोण सांगणार?

तुम्ही नेमकं तेच करा. महिनाभर वही ठेवा. बिघडलं ते लिहाच, पण हात लावूनही नीट चाललं तेही लिहा. दिवा विझला तर खांबाचा नंबर टिपा आणि लांब उभं राहून पंधरा मिनिटं बघा. आणि हे आधी कळवा: घड्याळ कोणत्या मनगटात बांधता, आणि त्याच हातात आणखी काही असतं का?